देवीचं नाक आणि गाडीचं बोनेट

समईला चिंचेचा कोळ लावून झाला होता, घासायची अजून बाकी होती. पंचारती, तांब्या, घंटी मोरीच्या कट्ट्यावर ओळीनं बसली होती. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हिरानं राखेत बोटं बुडवली आणि अंगणातून खर्र खर्र असा आवाज आला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. आठ वर्षांपूर्वी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, तो देवघरातून आला होता. त्या दिवशी तिचे धाकटे दीर राजेंद्र यांनी देवीचा मुखवटा उजळायला घेतला होता. मुखवटा तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा. त्याला ओल्या मऊ फडक्यानं नुसतं टिपायचं असतं, हे बेडसे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण भाऊजींना चमक हवी होती. चिंच, राख आणि स्वतःचं मनगट, या तिन्हींवर त्यांचा फार विश्वास. तेव्हापासून देवीचं नाक तांबडं आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, "हिराबाय, देवीला पडसं झालंय का वं?" आणि भाऊजी ओसरीवरून पानाची पिंक टाकून सांगतात, "मुलामाच खोटा होता."

हिरा चिंचेच्या हातांनी अंगणात धावली.

ऐन उन्हात चैतालीची गाडी उभी होती. चैताली हिराची लेक. दोन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबून तिनं ही मरून रंगाची जुनी गाडी घेतली होती. तुंगार्लीच्या एका बंगल्यात बायकांच्या सहली उतरतात, त्यांना फिरवायला बाई चालक हवी होती. आज चार वाजता तिथल्या व्यवस्थापक सृष्टी मॅडम गाडी बघणार होत्या. पसंत पडली तर वर्षभराचं काम. नाही पडली तर कामशेतची दुसरी गाडी रांगेत तयारच होती.

आणि त्या गाडीच्या बोनेटवर राजेंद्रभाऊजी वाकले होते. हातात जुन्या लुगड्याचा बोळा, त्याला जरीचा काठ तसाच लोंबतोय. ज्या माणसानं स्वतःची मोटरसायकल घेतल्यापासून पावसावाचून धुतली नाही, तो पुतणीच्या गाडीचा आरसा करायला बसला होता.

"भाऊजी, हात थांबवा."

"वहिनी, तुमी तुमचे देव घासा. हे पुरुषांचं काम हाये."

"पोरगी कुटं हाये?"

"कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली. यिऊन बघंल तर वळखायची न्हाई गाडी!"

हे मात्र खरं होतं. घासलेल्या जागी ताटाएवढा फिकट डाग पडला होता, आणि बोळा मरून झाला होता.

"बघा, किती मळ निघाला!" भाऊजींनी बोळा झेंड्यासारखा वर धरला.

"मळ मरून असतो व्हय? रंग काढलाय तुमी."

हिरा हे उगाच बोलत नव्हती. चौदा वर्षं ती नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात बसनं जाऊन-येऊन काम करत होती. मोटारींचे बंपर रंगून येत, आणि पांढऱ्याफक दिव्यांखाली उभं राहून त्यातला ओरखडा, धुळीचा कण, रंगाचा ओघळ शोधायचा, हे तिचं काम. शिकली सातवीपर्यंत, पण तिनं नाकारलेला बंपर साहेबालाही पास करता येत नसे. मग तिच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा आला आणि ती घरी आली. घरच्यांच्या लेखी ती चौदा वर्षं नुसती उभी होती. राजेंद्रभाऊजी त्याच काळात ओसरीवर बसून होते, पण त्याला कुणी नुसतं बसणं म्हटलं नाही.

"यूट्यूबवर बघून केलंय मी," भाऊजी म्हणाले. "साडेतीन लाख लोकांनी बघितलाय तो व्हिडिओ."

"त्यांची बोनेटं साडेतीन लाख असत्याल. आमचं येकच हाये."

गाडीवर मूळ रंग असतो तिथं वर पारदर्शक थर असतो, फडकं रंगत नाही. फडकं रंगलं म्हणजे बोनेट कधीतरी पुन्हा स्वस्तात रंगवलेलं, वर थरच नाही. जे जाईल ते थेट रंगातूनच जाणार. हिराला हे बोळ्याकडे बघताच कळलं. भाऊजींना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी बोनेटही खोटं ठरवलं असतं.

तेवढ्यात चैताली आली. डाग बघून तिच्या हातातले कागद खाली पडले.

"नाना, काय केलंत हे? चार वाजता जायचंय मला!"

"म्हणून तर घाई केली," भाऊजी म्हणाले.

"रडू नगंस," हिरा म्हणाली. "गाडी गोठ्यात घे. बोनेट गार होऊ दे. तापल्या पत्र्यावर काय बी लावायचं न्हाई."

गोठा रिकामा होता, सावलीचा होता. गाडी धुऊन होईतो हिरानं स्वतःचे हात साबणानं घासले आणि भाऊजींनी व्हिडिओ बघून आणलेला खोका उघडला. चमकदार बाटल्यांची जत्रा. ती एकेक थेंब चिमटीत घेऊन चोळू लागली. पहिली बाटली दाणेदार लागली.

"ही कापती. हीच तुमी वापरली."

दुसरीवर आरशासारख्या गाडीचं चित्र होतं. थेंबावर बोटं निसटली.

"हे नुसतं तेल. आज चमकंल, आन् रस्त्याची धूळ त्याच्यावर गुळावरच्या माश्यांगत बसंल."

"साडेसहाशेची बाटली हाये ती!" भाऊजी कळवळले.

"मंग डोक्याला लावा. फुकट जायला नको."

तळाशी एक लहान बाटली होती, बारीक पॉलिशची, लोण्यासारखी मऊ. आणि मेणाची डबी. या दोनच वस्तू तिनं बाहेर ठेवल्या. पॉलिशनं बारीक ओरखडे मिटतात, मेण नुसतं वरून राखतं.

आता फडकं हवं होतं. टॉवेल खरखरीत, धोतर विरून मऊ झालेलं पण जागोजागी शिवलेलं. घरात एकच खरं मऊ कापड होतं, देवीचा मुखवटा टिपायचं पांढरं फलालीन. हिरा देवघरात गेली, तांबड्या नाकाच्या देवीपुढं हात जोडले, आणि फलालीन उचललं. देवीला भाऊजींचा हात माहीत होता. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

हिरानं त्या कापडावर पॉलिश घेऊन ते हलक्या हातानं गोल गोल फिरवलं. फलालीन मरून होत गेलं, डाग विरत गेला. शेवटी एक कडं उरलं, उजवीकडून वाकून बघितलं तरच दिसणारं. हिरानं हात काढला.

"अजून जरा जोर लावा की," भाऊजी म्हणाले. "एवढंसं तर राहिलंय."

"देवीच्या नाकाचं बी एवढंसंच राहिलं होतं."

हिरानं मेणाचा पातळ हात दिला, सुकू दिलं, पुसलं.

तुंगार्लीला हिरा सोबत गेली. सृष्टी मॅडम गाडीभोवती फिरल्या आणि नेमक्या उजवीकडून वाकल्या.

"हे काय झालंय इथे?"

चैतालीनं आईकडे पाहिलं. "काकांनी जास्त घासलं, मॅडम. आईनं थांबवलं. अजून घासलं असतं तर पत्रा दिसला असता."

मॅडमनी पर्समधून पांढरा कागदी रुमाल काढला, बोनेटवर दाबून फिरवला आणि उलटून बघितला. कोरा.

"काल एक गाडी आली होती, चकाचक. मी टेकले तर अख्खी ओढणी तेलकट काळी. ही डागाची चालेल. सोमवारपासून या."

फाटकाबाहेर येताच भाऊजींचा फोन आला. चैतालीनं तो स्पीकरवर टाकला.

"काम झालं ना? होणारच. मेण माझ्याच खोक्यातलं होतं!"

हिरानं हात लांबवून फोन बंद केला. मांडीवरच्या पिशवीत मरून झालेलं फलालीन होतं. ते आता गाडीचं झालं, देवीला चालणार नव्हतं. घरी समईवरची चिंच वाळून कडक झाली असणार, आणि उद्या गुरुवार.

"कामशेतला गाडी थांबव," ती म्हणाली. "मीटरभर पांढरं फलालीन घ्यायचंय."