डावीकडचे कॅच

त्या वर्षी आमची टीम पहिल्यांदाच कंपन्यांच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचली. वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना. मी मशीन शॉपचा सुपरवायझर आणि टीमचा कॅप्टन. सेमीफायनल आम्ही कीपरमुळे हरलो, असं मी नंतर दोन महिने सांगत फिरलो.

कीपर माझ्याच हाताखाली लेथवर काम करायचा. वर्षानुवर्षं त्याच्या हातून बॉल सुटलेला मला आठवत नाही. त्या सीझनला मात्र लेग साइडचे बॉल निसटायला लागले. सेमीफायनलला त्यांच्या ओपनरची बारीक कड लागून अगदी सोपा कॅच त्याच्या डाव्या हाताला आला. याने हातसुद्धा उचलला नाही. त्याच ओपनरने शेवटी मॅच काढली. मी मैदानावरच सगळ्यांसमोर बोललो, "झोपलेलास का रे? जमत नसेल तर ग्लोव्हज दे दुसऱ्याला." त्याने ग्लोव्हज काढून माझ्या हातात दिले.

मग कँटीनमध्ये डोळे तपासणीचं शिबिर लागलं. सगळ्यांना सक्तीचं. रांगेत तो माझ्या पुढेच होता. उजवा डोळा झाकायला सांगितल्यावर तो बोटांच्या फटीतून बघायला लागला. तपासणाऱ्या बाईंनी त्याचा हात बाजूला करून पुठ्ठा धरला.

"वरचं अक्षर सांगा."

त्याने मान पुढे काढली.

"सगळ्यात मोठं आहे ते."

"या डोळ्याने दिसत नाही," तो हळू म्हणाला. "गणपतीच्या आधीपासून."

म्हणजे अख्खा सीझन तो एका डोळ्याने, हेल्मेट न घालता स्टंपला चिकटून उभा होता. मीच उभा करत होतो. आणि रोज आठ तास फिरत्या लेथवर वाकत होता, तेही माझ्याच नजरेसमोर.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बोलला का नाहीस?"

"मशीनवरून काढलं असतंत."

खरं होतं. काढलंच असतं.

"घरी तरी सांगितलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर डोंबिवलीला गेलो. त्याला सांगता येईना, म्हणून मीच त्याच्या बायकोला सांगितलं. ती रडली नाही. त्याची हनुवटी धरून तिने डोळ्यात बघितलं, मग माझ्याकडे वळली.

"दिवसभर तुमच्यासमोर असतो तो. मॅचही तुमच्याबरोबरच खेळतो. तुम्हाला काहीच कळलं नाही?"

तिलाही कळलं नव्हतं. पण ते मी बोललो नाही.

हॉस्पिटलमध्ये सांगितलं, डोळ्यामागचा पडदा सुटलाय, फार उशीर झाला. लवकर आला असता तर काही करता आलं असतं. मॅनेजरकडे मी स्वतः गेलो आणि त्याला स्टोअरमध्ये घेतलं गेलं, त्याच पगारावर. पुढच्या सीझनला मी कॅप्टनपद सोडलं. सेमीफायनलमधल्या त्या बोलण्याबद्दल मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे, तुला तरी काय माहीत होतं." एवढी वर्षं तो मला अहो-जाहो करायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला अरे-तुरे केलं.