शेवटच्या शब्दापासून

गेल्या वर्षीची नोंद: ४ मार्च, सोमवार. रुपये एक हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर फक्त. या रकमेचे व्हाउचर मला दोनदा लिहावे लागले. पहिले मी एक हजार दोनशे सत्त्याऐंशीचे केले होते. दोनशे शहाऐंशी चुका, चुकीला साडेचार रुपये. पैसे घेणाऱ्याने चष्मा लावला, व्हाउचर वाचले आणि मला परत दिले.

"जावईबापू, दोन चुका जास्त धरल्यात. पान एकोणीसवर तो अनुस्वार नाही, प्रिंटरच्या शाईचा ठिपका आहे. आणि पान तेहेतीसवरची एक तुम्ही दोनदा मोजलीत."

"असू द्या की दादा. नऊ रुपयांनी कंपनी बुडत नाही."

"कंपनी नाही हो. माझा हिशेब बुडतो."

हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. अडतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. पुढची तीन वर्षे ते घरी बसून औषधांच्या खोक्यांवरच्या चुका काढत. बायको म्हणायची, "दादा औषध घेत नाही, वाचतो." ती हसायची, पण तिला काळजी वाटत होती. बिनकामाचा माणूस कसा सुकत जातो ते तिने वडिलांच्या बाबतीत पाहिले होते.

मी ज्या कंपनीत हिशेब लिहितो ती कुलुपे बनवते. लोखंडाची नव्हेत. संगणकातल्या फायली अशा बंद करायच्या की किल्लीशिवाय कोणालाही त्या उघडता येऊ नयेत, यासाठीचे सॉफ्टवेअर. ही किल्लीसुद्धा संगणकातच असते, अक्षरांची एक लांबलचक माळ. सॉफ्टवेअर चांगले होते, पण सोबतची माहितीपुस्तिका ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेली. एका गिऱ्हाइकाने लिहिले, "ज्यांना वेलांटी सांभाळता येत नाही, त्यांना मी माझी कागदपत्रे कशी सांभाळायला देऊ?" मालकीणबाईंनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवले. मी दादांचे नाव सुचवले.

दादांची एक रीत होती. ते कागदावरच काम करत आणि पान शेवटून वाचत. शेवटची ओळ, तिचा शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा. पुठ्ठ्याची एक पट्टी पानावर खालून वर सरकत जायची. पान संपले की खालच्या कोपऱ्यात लाल शाईने सही. ऑफिसात आठ दिवसांतच त्यांचे नाव 'उलटे काका' पडले. नाव ठेवणारा आमचा प्रोग्रॅमर. यंत्रांसाठी खोली गार ठेवावी लागते म्हणून तो बारा महिने गळ्यात मफलर गुंडाळून बसायचा. त्यामुळे त्याला सगळे मफलरच म्हणत.

"काका, असं उलटं वाचून काही कळतं का?" त्याने एकदा विचारले.

"कळू नये म्हणूनच उलटं वाचतो. अर्थ लागला की डोळा पळत सुटतो, मग चूक मागे राहते."

"आणि चुकून कळलंच तर?"

"मग उठायचं, चहा प्यायचा, अर्थ जिरू द्यायचा."

एप्रिलमध्ये किल्ली बदलण्याच्या प्रकरणाचे काम आले. त्या रविवारी दादा आमच्याकडे दुपारी जेवायला होते. भाताला हात लावण्याआधीच बहिणीला म्हणाले, "आज तुला गंमत सांगतो. त्या पुस्तिकेतलं एक पान मला समजलं."

"अरे वा! काय समजलं?"

"किल्ली कशी बदलायची ते. आधी सगळ्या फायली जुन्या किल्लीने उघडायच्या. नव्या किल्लीने बंद करायच्या. मग जुनी किल्ली पुसून टाकायची. आपण घर बदलतो तसंच. सामान हलवायचं, मग जुन्या घराची किल्ली परत द्यायची."

"बघ! आणि हे इतकी वर्षं त्या कंपनीत आहेत, मला एक अक्षर सांगता आलं नाही यांना," बायको माझ्याकडे हात करून म्हणाली.

दादा खूश होते. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका दंतवैद्य बाईंचा फोन आला. माझ्या टेबलावरच वाजला, कारण तेव्हा सगळे जेवायला गेले होते. त्या शांतपणे बोलत होत्या, आणि तेच ऐकायला जड जात होते. त्यांनी पुस्तिका समोर ठेवून किल्ली बदलली होती. पान सत्तेचाळीस. तिसरी पायरी: जुनी किल्ली पुसून टाका. चौथी पायरी: सर्व फायली जुन्या किल्लीने उघडून नव्या किल्लीने बंद करा. त्यांनी तिसरी पायरी केली आणि चौथीसाठी हातात काही उरले नाही. चारशे बारा रुग्णांच्या सहा वर्षांच्या नोंदी आत अडकल्या.

मफलर त्यांच्या दवाखान्यात जाऊन दोन दिवस बसला आणि परत आला. म्हणाला, "नाही उघडत. आपलं सॉफ्टवेअर चांगलं आहे, म्हणूनच नाही उघडत." हे सांगताना त्याला कुठे पाहावे ते कळत नव्हते.

मालकीणबाईंनी मला, दादांना आणि मफलरला बोलावले. पुस्तिका लिहिणारा जूनमध्येच दुसऱ्या नोकरीवर गेला होता. टेबलावर पान सत्तेचाळीसचा तपासलेला कागद होता आणि त्यावर एकच सही, दादांची. बाई रागावल्या नव्हत्या.

"काका, तुमचं काम शुद्धलेखनाचं होतं. ही चूक तुमच्यावर येत नाही. पण तपासूनही अशी पानं जात असतील, तर तपासण्याचा उपयोग काय? वेलांट्या आता मशीनही बघतं. या महिन्यापासून आपण हे काम थांबवू या, असं माझ्या मनात आहे."

मी दादांकडे पाहिले नाही. मला औषधांची खोकी आठवली.

दादांनी कागद ओढून घेतला, खिशातून पट्टी काढली आणि सवयीने खालून वर वाचले. मग म्हणाले, "हे तर बरोबर आहे."

मफलरने हळूच त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि पानाच्या वरच्या टोकाला बोट ठेवले. "काका, इथून."

दादांनी त्या दिवशी ते पान पहिल्यांदा वरून खाली वाचले. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, माझ्या वाटेने येताना पायऱ्या बरोबर लागत होत्या. आधी फायली, मग किल्ली पुसणं. मला त्या पानाचा अर्थ लागला होता. एवढ्या पुस्तिकेतलं तेवढंच पान मला कळलं, आणि मी चहा प्यायला उठलो नाही. घरी जाऊन बहिणीला सांगितलं." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "विचारा जावईबापूंना."

मी म्हणालो, "सांगितलं होतं. त्यांनी सांगितलेला क्रम बरोबर होता. मीही ऐकला."

"मग चूक माझ्याकडेही येते," दादा म्हणाले. "काम थांबवायचं तर थांबवा. फक्त त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्या."

पत्ता मीच दिला. दवाखान्यात मागच्या खोलीत जुनी कागदी कार्डे आणि बिलांच्या स्थळप्रती होत्या. तिथली नोंदणी सांभाळणारी मुलगी त्यांवरून सगळे पुन्हा टाइप करत होती. दादा तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, टाइप केलेले कार्डाशी ताडून पाहायला. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही कशाला? कंपनीने माणूस पाठवायचा."

"माणूसच आहे मी. दाढ वरची की खालची, तेवढं मला कळतं."

सतरा दुपारी ते जात राहिले. चारशे बारांपैकी तीनशे एक्कावन्न रुग्णांच्या नोंदी पुन्हा उभ्या राहिल्या. एकसष्ट राहिल्या नाहीत. क्ष-किरणांची चित्रे तर कोणाचीच मिळाली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी आमचे सॉफ्टवेअर सोडले नाही, पण पुस्तिकेचा पुढचा मसुदा छापण्याआधी मला दाखवा, असे मालकीणबाईंना लिहून कळवले आणि खाली एक ओळ घातली: तो त्या आजोबांनी वाचलेला असावा.

त्या ओळीमुळे ऑक्टोबरमध्ये दादांना परत बोलावणे आले. या वेळी त्यांनी स्वतःच अट घातली. प्रत्येक पान दोनदा होईल. एकदा खालून, अक्षरांसाठी. एकदा वरून, आणि नुसते वाचून नाही, तर लिहिले आहे तसे संगणकावर करून. दादांनी त्याआधी माउसला हात लावलेला नव्हता. मफलर शेजारी बसून दात-ओठ खात बघायचा.

"काका, तिथे नाही, इथे दाबायचं."

"इथे दाबायचं असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण कुणालाही समजतं ते."

"डॉक्टरीणबाईंनी काही समजून घेतलं नाही, लिहिलं तसं केलं. मी तेवढाच शहाणा. चला, लिहा."

पान बारावर ते थांबले. तिथे म्हटले होते, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, आणि त्याच्या खाली, पडद्यावर दिसणारा क्रमांक उतरवून घ्या. पण संगणक बंद करताच तो क्रमांक पडद्यावरून गेलेला. मफलरने ते दोनदा वाचले, मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाला, "हे मीच लिहिलंय."

"म्हणूनच तुम्हाला दिसलं नाही," दादा म्हणाले आणि दोन ओळींची अदलाबदल दाखवणारा लाल बाण काढला.

ती पुस्तिका छापली गेली. शुद्धलेखनाच्या चुका एकतीस, एकशे एकोणचाळीस रुपये पन्नास पैसे, ते मी लगेच दिले. पान बाराच्या बाणासाठी मात्र माझ्याकडे दर नव्हता. मंजूर दर फक्त शुद्धलेखनाचा आहे. मी म्हणालो, "दादा, बत्तीस लिहितो आणि मोकळा होतो."

"अजिबात नाही. ती वेलांटीची चूक नाही. वेगळी लिहा, वेगळी मागा."

मी वेगळी मागितली. बाई म्हणाल्या, बघते. मी या मार्चअखेर निवृत्त होतो आहे. वह्या सोपवण्यापूर्वी ही नोंद केली आहे: पान बारा, क्रमाची चूक एक, दर ठरायचा आहे, तूर्त साडेचार रुपये धरले. देणे बाकी.