खालच्या मजल्यावरचे कॉम्रेड

भांडण उकरून काढण्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा हात धरणारा माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या बॉथेल गावात नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. ज्याने तरुणपणी आफ्रिकेतल्या आपल्या देशातून एका युरोपीय साम्राज्याला हाकललं, त्याने म्हातारपणी काय सुडोकू सोडवायचं? स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत त्यांच्याच सोबत्यांनी त्यांना देशाबाहेर काढलं. तेव्हापासून ते परागंदा. आता नव्वदीला टेकलेत, लेकीकडे राहतात आणि जूनमध्येही ओव्हरकोट घालतात. मला ते ‘कॉम्रेड’ म्हणतात. मी रोज रेडमंडला ज्या सॉफ्टवेअर कंपनीत जातो ती त्यांच्या मते नवी वसाहतवादी सत्ता. मात्र लॅपटॉप हँग झाला की त्याच सत्तेच्या नोकराला खाली बोलावणं येतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बाल्कनीत चार कुंड्यांत मका लावला. सोसायटीची नोटीस आली : मका चालणार नाही, फुलं लावा. आजोबांनी अकरा पानी उत्तर धाडलं. पहिलंच वाक्य : ‘मका काढा, कापूस लावा, असं सांगणारे आमच्या गावात बंदुका घेऊन आले होते.’ मग लॉन्ड्रीरूममध्ये जाहीर सभा. वीस जणांनी ‘येतो’ म्हटलं. आलो मी, आणि एक बाई, जिचे कपडे ड्रायरमध्ये होते. आजोबा पाऊण तास बोलले. ड्रायर कधीच थांबला होता, बाई जागची हलली नाही.

“आमची पहिली सभा याहून लहान होती, कॉम्रेड,” ते जिना चढताना म्हणाले.

शेवटी दोन कुंड्यांवर तडजोड झाली. त्याला त्यांनी ‘अंतरिम सरकार’ असं नाव दिलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या देशात सरकार बदललं, आजोबांवरची बंदी उठली. स्वातंत्र्यदिनाच्या निमंत्रणासाठी वकिलातीतून फोन येणार होता. आजोबा सूट-टाय घालून बसले आणि सोबतीला मला बोलावलं.

“अहो, साधा फोन आहे ना? व्हिडिओ कॉलसुद्धा नाही!” माझी बायको म्हणाली.

फोन आला. स्पीकरवर एक तरुण मुलगी होती.

“सर, नावाचं स्पेलिंग सांगता का? यादीत सापडत नाहीये.”

मी डोळे मिटून घेतले. आता अकरा पानं ऐकावी लागणार! पण आजोबांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. तिचं चुकलं, तेव्हा पुन्हा सांगितलं. फोन ठेवून त्यांनी टाय सैल केला.

“गोड मुलगी होती,” ते म्हणाले. “कॉम्रेड, ऐकलंत ना? तिच्या आवाजात भीती अजिबात नव्हती.”