पल्सार आणि शिवामामांची काहील

मंडळी, आज सकाळी कोल्हापुरातल्या एका शाळेत बोलायला गेलो आणि एका पोरीनं मला थेट सत्तरच्या दशकातल्या गुऱ्हाळावर नेऊन बसवलं.

मी एका पल्सारबद्दल सांगत होतो. भिंगरीसारखा फिरणारा हा मेलेला तारा जोडीदार ताऱ्याचा वायू ओढतो, तो वायू भोवती तबकडी होऊन गरगरतो. एक्स-रे, साधा प्रकाश, रेडिओ, सगळ्या दुर्बिणींनी शास्त्रज्ञ त्याला बघतात.

"सर, एकाच ताऱ्याला एवढ्या दुर्बिणी कशाला?" ती पोरगी उठून म्हणाली.

एमएस्सीला असताना गुऱ्हाळावर मी हेच फुशारकीनं आमच्या गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला, शिवामामांना सांगितलं, तेव्हा त्यांनीही हेच विचारलेलं. तेवढ्यात चुलीवरच्या मोठ्या कढईतला, काहिलीतला उसाचा रस सोनेरी झाला. मी ओरडलो, "मामा, झाला, उतरवा!"

"गप की! रंग आलाय, वास कुठं आलाय?" मामांनी वास घेतला, बुडबुड्यांचा आवाज ऐकला, थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळली. मगच काहील उतरली. "नुसतं डोळ्यानं बघून उतरवला असता, तर गूळ बसलाच नसता बघ."

आज पोरांना हेच सांगितलं, एका दुर्बिणीला एकच खूण दिसते, सगळ्या खुणा जुळल्या तरच तारा कळतो. ती पोरगी परत उठली, "पण सर, मामा शेवटी चव बघत असतील की! ताऱ्याची चव कशानं बघायची?"

वर्ग खो खो हसला. मी अजून विचार करतोय. तुम्हाला काही सुचतंय का?