भावोजींचा क्यू

बिलियर्ड खेळायला स्वतःचा क्यू असावा की नसावा, यावर आमच्या संस्थानाच्या राजधानीत, लष्कर शहरातल्या क्लबात मी जितका वाद ऐकला तितका द्वैत-अद्वैतावरही ऐकला नाही. क्यू म्हणजे काय, तर चेंडू ढकलायची काठी. क्लबाच्या भिंतीशी तशा कितीतरी उभ्या असत आणि कोणीही उचलून खेळावं. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे भावोजींना, त्यांतली एकही सरळ वाटत नसे. चेंडू चुकला की ते काठी डोळ्याशी धरून तिच्यातला बाक शोधत आणि तो सापडल्याचं सगळ्यांना सांगत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगण बदलून आणायचं तरी कोणाच्या डोक्यात येत नाही.

भावोजी महसूल खात्यात होते. संस्थानात आमच्या तरुणपणी बदल्यांचा हिशेब फार सरळ होता. संध्याकाळी खात्याच्या मोठ्या साहेबांबरोबर जे खेळत ते लष्कर शहरातच राहत, आणि बाकीचे दिवाळीनंतर कुठल्यातरी तहसिलीत जाऊन पडत. त्या वर्षी भावोजींची पाळी होती. ताईला धास्ती होती ती मुलीपायी. पोर सहावीत होती, विलक्षण हुशार होती, आणि तहसिलीच्या गावी मुलींना चौथीपुढे शाळा नव्हती. शाळा सुटली की पुढे काय, हे ताईला सांगायला नको होतं. तिची स्वतःची चौथीतच सुटली होती.

"तू वकील ना, काहीतरी कर," ती मला म्हणाली. मी काय करणार! साहेबांपुढे कायदा चालत नसे, बिलियर्ड चालत असे.

भावोजींनी उपाय काढला. त्यांनी कलकत्त्याहून स्वतःचा क्यू मागवला. टोपी बाजारातल्या एका कारागिराकडून त्याला मखमलीच्या अस्तराची पेटी करवली. ती पेटी छातीशी धरून ते दौलतगंजातून क्लबाकडे निघाले की लोक रस्ता देत, कारण आत सनई असावी असं त्यांना वाटे.

"आपली चीज हाथात असली ना वकीलसाहेब, की बातच वेगळी होते," ते मला म्हणाले. "तुम्ही बघतच राहाल."

मी बघत राहिलो. महिनाभर ते रोज खेळले आणि पूर्वी जिथे चुकत तिथेच चुकले. फक्त आता झोकात चुकत. क्यूला दोष देता येईना, म्हणून आधी दिव्याला दिला, मग टेबलाच्या उताराला, आणि एकदा तर मी शेजारी बसून मोठ्यानं श्वास घेतो म्हणून मला. इतक्या निर्बुद्ध माणसाला माझ्या बापानं मुलगी दिली कशी, याचा मला त्या महिन्यात फार विचार पडला.

पण क्यूनं एक काम केलं. त्याची कीर्ती साहेबांच्या कानावर गेली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळायला या, असं त्यांनी भावोजींना बोलावणं धाडलं. ताईनं देवापुढे साखर ठेवली. साहेबांशी कसं खेळायचं, हे क्लबातल्या प्रत्येकाला पाठ होतं. बरोबरीनं जायचं, साहेबांना थोडा घाम येऊ द्यायचा, आणि शेवटी सोपा फटका चुकवून कपाळावर हात मारायचा. भावोजींना यातला शेवटचा भाग तर जन्मजात येत होता. सोन्यासारखी संधी होती.

पण त्याआधी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमी आली. भावोजींचं घराणं शिलेदारांचं. त्यांच्याकडे नवमीला हत्यारं पुजत, आणि पुजलेलं हत्यार पहिल्यांदा हाती घेतलं की हार खाऊन घरी यायचं नाही असा कुळाचा दंडक होता. पूर्वज निदान घोड्यावर बसत. यांनी काय करावं? दोन तलवारींच्या मध्ये क्यू मांडला, त्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. ताई आधी हसली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, काठी आहे ती लाकडाची," ती म्हणाली. "साहेबांना जिंकू द्या. पोरीच्या शाळेचा सवाल आहे."

"आता पुजलं गेलं," भावोजी म्हणाले. "आता हरणं आपल्या हाथात नाही."

आणि हा गृहस्थ जिंकला! कोणी म्हणेल क्यूचा प्रताप. मुळीच नाही. भावोजी नेहमीसारखेच सामान्य खेळले. पण साहेबांना इतकी वर्षं सगळ्यांनी इतक्या भक्तिभावानं जिंकवलं होतं की त्यांना खेळताच येत नाही, ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती, त्यांच्याही नाही. मी बाकावर बसून खोकलो, खाकरलो, डोळे वटारले. भावोजी माझ्याकडे पाहून मानेनंच म्हणाले की काळजी नको. साहेबांनी क्लबाची काठी भिंतीला लावली, "बहुत उमदा," म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. भावोजी मात्र क्यू रुमालानं पुसत होते.

बदलीचा हुकूम दिवाळीनंतर यायचा, तो दिवाळीच्या आधीच आला. श्योपूरच्या पलीकडची तहसील. मी म्हटलं, मुलीला माझ्याकडे ठेवा, लष्करातच शिकेल. भावोजी ताठ झाले. आमच्या घराण्यातली मुलगी मामाच्या तुकड्यावर राहणार नाही, म्हणाले. ताईनं भांडी बांधायला घेतली.

निघायच्या सकाळी टांगा दारात आला. ट्रंका, वळकट्या, पाण्याची घागर चढली, आणि शेवटी एकाच वस्तूपुरती जागा उरली. मुलगी पुस्तकांचं गाठोडं घेऊन उभी होती, आणि भावोजी पेटी घेऊन.

"ते मामाकडे ठेव बेटा," भावोजी अगदी प्रेमानं म्हणाले. "तिथे शाळा कुठे आहे? पुस्तकं नेऊन काय करशील?"

पोरीनं पेटीकडे पाहिलं.

"बाबा," तिनं विचारलं, "तिथे बिलियर्डचं टेबल आहे?"

भावोजींनी टांगेवाल्याला घाई करायला सांगितलं. पेटी टांग्यात गेली. गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं.