ह खाऊन शोधा

किस्से साठायला फार काही लागत नाही हो. दुपारी नेट जावं, पंखा फिरत राहावा आणि कुणीतरी "त्या दिवशीचं आठवतं का?" म्हणावं, बस्स! आमच्या पनवेलच्या ऑफिसात हे रोजचंच. कुणी जमीन घेणार असेल तर तिचे जुने मालक ऑनलाइन नोंदींतून शोधायचे आणि वकिलांना सर्च रिपोर्ट द्यायचा, हे आमचं काम. शोधणारे तिघं: मी, स्नेहा आणि जासईच्या वनिताताई म्हात्रे. वर देशमाने सर.

*

एकदा हिरा धर्मा म्हात्रे नावाचा मालक तीन दिवस सापडेना. 'रेकॉर्ड नॉट फाउंड' वाचून माझे डोळे दुखायला लागले. वनिताताई खिडकीशी उभ्या होत्या. त्या बऱ्याचदा अशाच उभ्या असतात, कर्नाळ्याच्या डोंगराकडे बघत, अर्ध्या झोपेत असल्यासारख्या. त्यांनी डोळे मिटले, बांधावरून कुणाला हाक मारावी तसं ते नाव हळूच उच्चारलं आणि येऊन टाइप केलं: 'मात्रे'.

सात नोंदी!

"अहो ताई, हे कसं?"

"लिवनाऱ्यानं ऐकला तसा लिवला. आमचे लोक ह खातात. तुमी लिवलेला नाव शोधता, मी बोललेला शोधते!"

*

तेव्हापासून ऑफिसात एकच मंत्र: ह खा! आम्ही सगळे डोळे मिटून पुटपुटायचो. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, इथं ध्यानाचा वर्ग चाललाय. खरं सांगतो, त्या दुपारी मला फार आवडायच्या. कधीच न पाहिलेली माणसं नुसत्या आवाजानं जवळ आल्यासारखी वाटायची.

स्नेहा मात्र एका पाटलांवर तासभर अडली आणि रडवेली होऊन म्हणाली, "ताई, यात ह नाहीच. काय खाऊ?"

"मंग डबा खा!"

*

मग सरांनी पुस्तिका काढली आणि नेटवरही टाकली. 'देशमाने शोधपद्धती'. खाली ठळक अक्षरांत 'कॉपीराइट, सर्व हक्क राखीव'. टाइप मीच केली होती. ताईंचं नाव कुठंच नाही हे मला दिसलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

ताईंनी ती शेवटपर्यंत वाचली आणि शांतपणे विचारलं, "सर, आता मी ह खाल्ला तर तुमची परवानगी लागंल?"

सर हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

*

रिपोर्ट न्यायला आलेल्या वकीलसाहेबांना मी गाठलं. ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "पद्धतीवर कॉपीराइट कुणाचाच नसतो. पुस्तिकेतल्या मजकुरावर असतो."

"मग ताईंनी काय करायचं?"

"श्रेय मागायचं. देणाऱ्याचं मन मोठं पाहिजे, एवढंच!"

तेवढ्यात बिस्कीट चहात गेलं आणि ते त्याच्याच शोधाला लागले.

*

ताई काही मागेनात. एकदा नेट गेलेलं असताना एवढंच म्हणाल्या, "बाबांना सांगितला, ऑफिसात माझी पद्धत चालते. बाबा नवीन मोबाईल शिकलेत. रोज सकाली माझा नाव स्वता, बोलतात तसा लिवून शोधतात. मना बोलतात, पोरी, नाय गावत."

मी उठलो आणि सरांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, पुस्तिका मी टाइप केलीय. पद्धत कुणाची, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी ताईंना बोलावलं.

"चुकलंच माझं. दुसऱ्या आवृत्तीत पहिल्याच पानावर टाकू. मूळ कल्पना, वनिता म्हात्रे. बरोबर ना?"

मी लगेच टाइप करून स्क्रीन ताईंकडे वळवली. ताईंनी आपलं नाव वाचलं. मग त्यांनी डोळे मिटले, ओठ जरासे हलले.

"सर, तेवढा ह काढा."