दादाच्या हातचे वेढे

थोरला भाऊ डोंगराळ मुलखात नोकरीला असताना पिसांची खोटी माशी बांधून मासे धरायला शिकला होता. कारंज्याला परतल्यावर तो धरणावर जाई. तिथून आला की गळाची ती जाड, पिवळी दोरी कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवी आणि धान्याच्या कोठीभोवती सैल गुंडाळून ठेवी. गळाच्या काठीला लावलेल्या चाकावर घट्ट राहिली तर तिला वेटोळ्यांची सवय लागते, म्हणायचा.

शेवटच्या खेपेला दोरी चाकावरच राहिली आणि आठवड्यातच तो वारला. चाकावरचे वेढे त्याच्या हातचे, म्हणून वर्षभर मी दोरी सोडलीच नाही.

"पुजाले ठेवली काय भाऊजी?" वहिनी एका सकाळी म्हणाली. "त्यायनं पाह्यलं असतं त तुमाले शिव्या देल्ल्या असत्या. द्या इकडं टोक."

घरामागच्या मोकळ्या जागेत ती टोक धरून उभी राहिली आणि मी चाक घेऊन मागं सरकत गेलो. दादाचे वेढे एकेक सुटत होते. मला थांबावंसं वाटत होतं. दोरी वळलेलीच निघाली, पण दोघांनी ताणून धरल्यावर कोवळ्या उन्हात हळूहळू सरळ झाली, संथ पाण्यावर पसरल्यासारखी. चाक रिकामं झालं होतं. तरी आम्ही बराच वेळ टोकं सोडली नाहीत.